चेतक, बेल, रॉबिन्सन : हलक्या हेलिकॉप्टरांच्या तुलनेची पार्श्वभूमी

कोकणात हलके हेलिकॉप्टर म्हटले की नौदलाचे चेतक आठवते, आणि अलीकडे खासगी वापरातली बेल व रॉबिन्सन कंपन्यांची हेलिकॉप्टरे. त्यांची तुलना बहुधा वेग, आसने आणि किंमत यांवरच संपते. वैमानिकाला जाणवणारा फरक हातापायांतला असतो, आणि तो प्रत्येक यंत्राच्या जन्मकथेतून आलेला आहे.

1946 मध्ये नागरी वापराची मान्यता मिळालेल्या बेल 47 मध्ये पिस्टन इंजिन होते. डाव्या हाताने कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलून हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा, उचलताना त्याच हाताने इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारी थ्रॉटलची मूठ पिळावी लागे. त्यात हयगय झाली की रोटरचे फेरे घटत. 1955 मध्ये फ्रान्सच्या आलुएत-2 ने टर्बाइन इंजिनावर उड्डाण केले आणि फेरे स्थिर राखण्याचे काम यंत्रणेकडे गेले. तिचीच मोठी बहीण आलुएत-3, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने 1960 च्या दशकापासून परवान्यावर बांधलेले आपले चेतक. फ्रेंच रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, अमेरिकी उलटा. त्यामुळे शक्ती वाढवताच चेतकचे नाक डावीकडे वळू पाहते, बेलचे उजवीकडे. एकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्याच्या पायांना पेडलची सवय नव्याने लावून घ्यावी लागते.

फ्रँक रॉबिन्सन यांचे आर22 प्रथम उडाले 1975 मध्ये. स्वस्ताईसाठी त्याला हलकी, दोनच पाती दिली गेली. हलक्या पात्यांत साठलेली ऊर्जा थोडी असल्याने इंजिन बंद पडल्यास जेमतेम एक-दीड सेकंदात कलेक्टिव्ह खाली न्यावा लागतो. अमेरिकी नियामकांनी 1995 मध्ये आर22 आणि आर44 साठी विशेष प्रशिक्षण सक्तीचे केले, ते उगाच नव्हे. पुढच्या आर44 मध्ये कलेक्टिव्ह खाली नेण्यास मिळणारा हा अवधी थोडा वाढला. बेल 206 ची जड पाती तर याबाबतीत बरीच दयाळू आहेत.

मात्र दोन पात्यांच्या झुलत्या रोटरचा एक धोका बेल आणि रॉबिन्सन या दोन्हींत आहे, आणि किनाऱ्यावरून पुण्या-कोल्हापूरकडे निघालेल्या वैमानिकाने तो मनात पक्का ठेवावा असे मला वाटते. सह्याद्रीच्या कड्यावर वर चढणारा वारा हेलिकॉप्टरला उचलतो. माथा ओलांडताना नाक घाईने खाली दाबले, तर रोटरवरचा भार क्षणभर नाहीसा होतो आणि शेपटीच्या रोटरच्या रेट्याने यंत्र उजवीकडे कलंडू लागते. अशा वेळी सायक्लिक, म्हणजे यंत्र पुढे-मागे वा बाजूला झुकवणारी दांडी, डावीकडे ओढण्याचा मोह घातक ठरतो, कारण रोटरचा मध्यभाग त्याला फिरवणाऱ्या उभ्या आसावर आदळून आस तुटू शकतो. आधी सायक्लिक हलकेच मागे घेऊन भार परत आणायचा, मग कलंडणे सावरायचे. चेतकच्या बिजागरी जोडणीच्या तीन पात्यांत हा धोका या रूपात नाही.

कोकणचा उकाडा मात्र सगळ्यांनाच सारखा छळतो. 34 अंश तापमानात समुद्रसपाटीवरची हवासुद्धा दोन हजार फुटांवरच्या हवेपेक्षा विरळ वागते, त्यात दमटपणाची भर. चार जण बसवलेले आर44 मे महिन्यात सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून, उभे उचलताना याचा हिशेब आधीच करावा लागतो. सड्यावर उतरताना तांबडी धूळ उडून जमीन दिसेनाशी होते, तेव्हा अधांतरी रेंगाळण्याइतकी जादा शक्ती हाताशी आहे की नाही, हेच आधी पाहायचे.

जुहूहून समुद्रातल्या तेलफलाटांकडे जाणाऱ्या वाहतुकीत पवनहंस या हेलिकॉप्टर कंपनीने दोन इंजिनांची डॉफिन वापरली. एका इंजिनाच्या या हेलिकॉप्टरांची तुलना त्यामुळे किनारा आणि घाट एवढ्या पट्ट्यापुरतीच अर्थपूर्ण ठरते.