मंदीकाळातील स्थानिक सार्वजनिक कामे

मंदीकाळातील स्थानिक सार्वजनिक कामे : मागणी घटून कारखाने, बांधकामे आणि रोजगार थंडावले असताना वरच्या शासनाने नगरपालिका, ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा यांसारख्या स्थानिक संस्थांना मुदत घालून दिलेला जादा निधी व त्यातून होणारी रस्ते, पूल, पाणीपुरवठा, सांडपाणी, शाळा-इमारती यांची कामे. नेहमीच्या विकासनिधीत काम चांगले झाले का, हा प्रश्न पहिला असतो. इथे पैसा कधी बाहेर पडला, हा प्रश्न त्याच्या बरोबरीने उभा राहतो. मंजुरीच्या कागदाने मागणी वाढत नाही. मजुराच्या हातात मजुरी आणि ठेकेदाराच्या खात्यात देयकाची रक्कम पडते, त्या दिवशी चालना सुरू होते. घोषणा आणि तो दिवस यांमधले अंतर कमी करणे हे या सगळ्या व्यवहाराचे मर्म आहे, आणि बहुतेक योजना फसतात त्या याच अंतरात.

पैशाच्या फेऱ्या

सरकारी खर्चातून उत्पन्न वाढते, ते उत्पन्न मिळालेला माणूस त्यातला काही भाग पुन्हा खर्च करतो आणि दुसऱ्याचे उत्पन्न वाढते. या साखळीचे गणित ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये सार्वजनिक कामांवरच्या रोजगाराच्या संदर्भात मांडले; पुढे जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये ते आपल्या सिद्धान्ताच्या मध्यभागी आणले. त्याला गुणक म्हणतात.

गावापुरता गुणक काढून पाहिला की कामाची निवड किती महत्त्वाची आहे ते कळते. एका रस्त्यावर १०० रुपये खर्च झाले असे धरू. त्यातले ५५ रुपये डांबर, पोलाद आणि यंत्रांचे भाडे यांपायी गावाबाहेर गेले. ४५ रुपये मजुरी, खडी, मुरूम आणि वाहतूक यांत गावात राहिले. हे ४५ ज्यांना मिळाले ते कर व बचत वजा जाता ७५ टक्के खर्च करतात आणि त्यातला निम्मा माल बाहेरचा असतो. म्हणजे प्रत्येक फेरीत आधीच्या रकमेचा ०.३७५ भाग गावात टिकतो : ४५, मग १६.८८, मग ६.३३. ही मालिका ७२ रुपयांपाशी येऊन थांबते. तेच काम नाला खोलीकरण, दगडी बांध किंवा इमारत दुरुस्ती असे मजुरीप्रधान असेल आणि पहिल्या फेरीत ७५ रुपये गावात राहिले, तर स्थानिक उत्पन्नातील वाढ १२० रुपये होते. बाहेर गेलेला पैसा बुडत नाही. पोलाद जिथे बनते तिथे त्याच्या फेऱ्या सुरू होतात. म्हणून देशाचा गुणक सहसा गावाच्या गुणकापेक्षा मोठा असतो. आयात मालावर गेलेला भाग मात्र देशाच्याही हातून निसटतो.

हे सर्व गणित मजूर आणि यंत्रे रिकामी असतील तरच लागू पडते. तेजीत तोच निधी ओतला तर ठेकेदार खासगी बांधकाम सोडून सरकारी कामावर येतो, दर चढतात आणि एकूण उत्पादन फारसे हलत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०१४ मध्ये प्रगत देशांच्या आकडेवारीवरून असा अंदाज मांडला, की सार्वजनिक गुंतवणूक राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्क्याने वाढवली तर उत्पादन त्याच वर्षी सुमारे ०.४ टक्के आणि चार वर्षांनी सुमारे १.५ टक्के वाढते. बांधकामाचा मोठा लाभ उशिरा हाती येतो, हे यातून स्पष्ट होते.

१९३३ चे दोन प्रयोग

दुष्काळात कामे काढण्याची प्रथा जुनी आहे. लखनौचा बडा इमामबाडा नवाब असफउद्दौलाने १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून बांधायला घेतला. जपानमध्ये अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांच्या काळात १९३२ ते १९३४ दरम्यान खेड्यापाड्यांत रस्ते आणि जलसिंचनाची मदतकार्ये निघाली. पण वेग आणि भक्कमपणा यांतली ओढाताण सर्वांत स्वच्छ दिसते ती अमेरिकेत.

जून १९३३ मध्ये तिथे सार्वजनिक बांधकाम प्रशासन स्थापन झाले आणि त्याला ३.३ अब्ज डॉलर मिळाले. प्रमुख हॅरॉल्ड इकीस प्रत्येक प्रस्ताव, प्रत्येक करार बारकाईने तपासत. न्यूयॉर्कचा ट्रायबरो पूल आणि लिंकन बोगदा यांना या संस्थेने पैसा पुरवला. कामे उत्तम झाली, पण हिवाळा तोंडावर आला तरी बेकारांच्या हाती फारसे काही पडले नाही. म्हणून नोव्हेंबरमध्ये हॅरी हॉपकिन्स यांच्याकडे वेगळे नागरी कामे प्रशासन सोपवले गेले. त्याला सुरुवातीचे ४० कोटी डॉलर इकीस यांच्या न खर्चलेल्या निधीतूनच काढून दिले. दुरुस्ती, रंगकाम, खडीकरण, चर खोदणे अशी छोटी कामे घेऊन त्याने जानेवारी १९३४ च्या मध्यापर्यंत ४० लाखांहून अधिक लोकांना कामावर घेतले आणि मार्चअखेर ते बंदही झाले. सुमारे ४०,००० शाळा त्यात बांधल्या किंवा दुरुस्त झाल्या. दोन्ही यंत्रणा आपापल्या जागी बरोबर होत्या. चूक होते ती मोठ्या पुलाकडून तीन महिन्यांत रोजगाराची अपेक्षा ठेवल्यावर.

शेल्फवरची कामे

निधी येण्याआधी तयार करून ठेवलेल्या कामांच्या साठ्याला महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या बोलीत शेल्फ म्हणतात. शेल्फवर नुसते कामाचे नाव असून भागत नाही. जागेची मोजणी आणि ताबा, नकाशे, चालू दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक, वनखाते किंवा रेल्वेसारख्यांची ना-हरकत, रस्त्याखालून जाणाऱ्या जलवाहिन्या व केबलींचा आराखडा, एवढे जमलेले असेल तर काम तयार म्हणावे. त्यानंतर प्रशासकीय मान्यता (हे काम करायचे आणि एवढ्या रकमेत, असा निर्णय), तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रक व संकल्पन बरोबर असल्याची अभियंत्याची सही), निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप, चालू देयक (झालेल्या कामापुरते मधले बिल) आणि शेवटी कामपूर्तीचा दाखला, अशी वाट असते. यातले मोजमाप ते देयक हे टोक घोषणा करणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटते. महिन्याला एक चालू देयक निघाले तर छोटा ठेकेदार तग धरतो. दोन देयके अडकली की तो मजूर कमी करतो, आणि ज्यासाठी निधी दिला तेच घडत नाही.

सर्वांत जास्त वेळ जातो तो जागेपायी. रुंदीकरणात चार घरांच्या पायऱ्या येत असतील तर काम तयार नाही, मग कागद कितीही पूर्ण असोत. मंदीतून सावरण्यासाठी अमेरिकेने केलेल्या २००९ च्या ७८७ अब्ज डॉलरच्या कायद्यात तयार कामांवर मोठी भिस्त होती. कामे वाटली होती तितकी तयार नव्हती, अशी कबुली राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी पुढे दिली. याउलट अस्तित्वातल्या रस्त्यावर नवा थर, शाळेचे छप्पर, पंप बदलणे, गळती काढणे यांना नवी जागा लागत नाही. पहिल्या सहा महिन्यांसाठी अशीच कामे उचलावीत, मोठी कामे त्यामागे लावावीत.

निविदेचा कालावधी कमी करण्याचा मोह मोठा असतो. जर्मनीने २००९-१० मध्ये मर्यादित निविदेची (निवडक ठेकेदारांकडूनच मागवलेल्या निविदेची) कमाल रक्कम तात्पुरती वाढवून वेळ वाचवला. हा उघड, सगळ्यांना सारखा आणि ठरल्या तारखेला संपणारा मार्ग आहे. एका कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा निविदेच्या मर्यादेखाली आणणे हा त्याचा अवैध भाऊ. लेखापरीक्षणात तो सलग साखळी क्रमांकांवरून (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरांवरून) सहज पकडला जातो.

हिस्सा आणि अटी

स्थानिक संस्थेचा वाटा किती ठेवायचा हा नाजूक प्रश्न आहे. तो शून्य ठेवला तर नको असलेली कामेही मागितली जातात. जास्त ठेवला तर ज्या गावांची वसुली मंदीने खालावली आहे तीच बाहेर राहतात. इकीस यांची संस्था मजुरी व साहित्याच्या खर्चाच्या ३० टक्के अनुदान देई आणि उरलेल्यासाठी कर्ज. १९३५ मध्ये अनुदान ४५ टक्के झाले. अमेरिकेने २००९ मध्ये महामार्गांसाठी पूर्ण १०० टक्के रक्कम दिली. जर्मनीत त्याच वर्षी केंद्राने १० अब्ज युरो दिले, त्यावर राज्ये व नगरपालिकांना एकूण खर्चाच्या किमान २५ टक्के भार उचलावा लागला आणि निधीचा ६५ टक्के भाग शिक्षणाच्या इमारतींसाठी राखला गेला. भारताने २०२०-२१ पासून राज्यांना भांडवली खर्चासाठी ५० वर्षांचे बिनव्याजी कर्ज द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी त्यासाठी १२,००० कोटी रुपये ठेवले होते.

अटींमध्ये सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी अट आहे जादापणाची. वरून रस्त्यांना पैसे आले की स्थानिक संस्था स्वतःच्या अंदाजपत्रकातली रस्त्यांची तरतूद काढून दुसरीकडे वळवते. कागदावर निधी पूर्ण खर्च होतो, निधी ठरल्या कामावर खर्चल्याचे उपयोगिता प्रमाणपत्रही जाते, आणि एकूण कामे पूर्वीइतकीच राहतात. म्हणून २००९ च्या कायद्यात अमेरिकेने राज्यांकडून आधीचा नियोजित खर्च कायम ठेवण्याचे प्रमाणपत्र घेतले. प्रमाणपत्रापेक्षा मागील तीन वर्षांच्या प्रत्यक्ष खर्चाची सरासरी तपासणे अधिक खात्रीचे.

मुदतीची अटही दुधारी आहे. अमेरिकेत त्याच कायद्याखाली राज्यांना महामार्ग निधीचा निम्मा भाग १२० दिवसांत कामांना बांधून द्यावा लागला, नाहीतर तो दुसऱ्या राज्याकडे जाई. त्याने हालचाल झाली, पण नवा थर देण्यासारखीच कामे पुढे आली. कॅनडाच्या ४ अब्ज डॉलरच्या निधीला ३१ मार्च २०११ ही अखेरची तारीख होती. कामे अपुरी असल्याने ती ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. थंड देशातला बांधकामाचा एक उन्हाळा त्यामुळे मिळाला, हे शहाणपणाचे झाले. मुदत आर्थिक वर्षाला जोडण्यापेक्षा हवामानाला जोडावी.

घाईत काय बिघडते

डांबराचे मिश्रण सुमारे १४० अंश सेल्सिअसला अंथरून ९० अंशांखाली उतरण्याआधी रोलरने दाबावे लागते. दूरच्या प्लँटवरून आलेला, रांगेत ताटकळलेला ट्रक थंड माल ओततो. तो वरून काळाभोर दिसतो आणि पहिल्या पावसात खडी सुटते. त्याहून नेहमीची चूक क्रमाची. आधी जलवाहिनी टाकून तिची दाबचाचणी घ्यावी, मग चर १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी पाणी मारून दाबत भरावा आणि नंतर रस्त्याचा थर द्यावा. रस्ते आणि पाणी यांचे निधी वेगवेगळ्या मुदतींचे असले की रस्ता आधी होतो, चार महिन्यांत तोच खोदला जातो आणि घाईने एकदम भरलेला चर पावसाळ्यात खचून रस्त्यावर लांबलचक खळगा पडतो. एकाच गल्लीचे सर्व निधी एका वेळापत्रकात बसवणे एवढाच यावर उपाय आहे. तो बिनखर्चाचा असूनही क्वचितच होतो, याची खंत वाटते.

सगळ्या संस्थांनी एकाच महिन्यात निविदा काढल्या की खडी, वाळू, पोलाद आणि कुशल गवंडी यांचे दर चढतात. अंदाजपत्रक जुन्या दरसूचीचे असेल तर निविदांना प्रतिसाद मिळत नाही किंवा चढ्या दराने येतो. जिल्ह्यातल्या निविदा सहा-आठ आठवड्यांत टप्प्याटप्प्याने काढल्यास हा ताण बराच ओसरतो.

मजुरीची मोजदाद

मजुरीप्रधान कामात पैसा लवकर पोहोचतो, म्हणून तिथे मोजमाप प्रामाणिक असणे फार गरजेचे. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना विस्तारली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने मजुरी व साहित्याचे प्रमाण ६०:४० ठरवले. मातीकामाची मजुरी घनमीटरवर निघते आणि माती मुरमाची की कठीण, ती किती अंतरावर टाकली आणि किती उंच चढवली यावर दर बदलतो. खोदताना खड्ड्यात ठिकठिकाणी मूळ जमिनीच्या उंचीचे मातीचे खुंट न खोदता ठेवतात. अभियंता येऊन त्यांवरून खोली मोजतो, मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, खोली मांडतो आणि मगच खुंट काढले जातात. खुंट आधीच पाडले तर किती माती निघाली याचा पुरावा उरत नाही. वाद होतो आणि तोटा नेहमी मजुराचा होतो. मोजमापाला आठवडाभर उशीर झाला की तेवढेच दिवस मजुरी पुढे जाते.

नंतरचा बोजा

जपानने १९९० नंतरच्या मंदीत एकामागून एक बांधकाम-पॅकेजे दिली. स्थानिक संस्थांना रोखे काढून कामे करण्यास उत्तेजन दिले गेले आणि त्यांचे कर्ज दशकभर चढत राहिले. चीनने नोव्हेंबर २००८ मध्ये ४ लाख कोटी युआनची योजना जाहीर केली. त्यात केंद्राचा वाटा सुमारे १.१८ लाख कोटी होता. उरलेल्यापैकी बराच पैसा स्थानिक शासनांनी उभारलेल्या वित्तसंस्थांनी बँकांकडून कर्जाऊ घेतला आणि त्या कर्जाची चिंता पुढील काळात कायम राहिली.

छोट्या संस्थेला बुडवतो तो देखभालीचा खर्च. नवी पाण्याची टाकी, पंप आणि वाहिनी अनुदानातून येते. विजेचे बिल, पंपचालकाचा पगार, तुरटी आणि क्लोरीन हे मात्र दरवर्षी गावाच्या पाणीपट्टीतून भागवायचे असते. अंदाजपत्रकासोबत पुढील पाच वर्षांचा चालू खर्च आणि तो कुठल्या वसुलीतून निघणार याचा एक पानी तक्ता जोडलेला नसेल, तर तांत्रिक मान्यता देऊ नये. हा तक्ता करायला ग्रामसेवक आणि कनिष्ठ अभियंत्याला एक दुपार लागते. ठेकेदाराची सुरक्षा ठेवही दोषदायित्वाचा काळ (ज्यात निघालेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात) संपण्याआधी सोडू नये; त्या काळात किमान एक पूर्ण पावसाळा यावा, कारण खचलेला चर आणि सुटलेली खडी पावसाशिवाय दिसत नाही.