चौदाशे किलोमीटर जास्त, तरीही लवकर

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं आपल्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाट बदलली. तोवर ते पश्चिमेला, युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. नवी वाट पूर्वेची, पॅसिफिकवरून, तब्बल १५,३०० किलोमीटरची. तरीही विमान साधारण साडेचौदा तासांत पोहोचलं, जुन्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास आधी.

हिशेब करून बघा. १५,३०० ला १४.५ नं भागलं की ताशी साधारण १,०५५ किलोमीटर येतात. बोइंग ७७७ चा स्वतःचा वेग ताशी नऊशेच्या आसपास. वरचे दीडशे वाऱ्याचे.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, विमानं उडतात त्याच थरात, तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात जपानच्या आसपास त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. विषुववृत्ताकडची हवा तापून फुगलेली असते, ध्रुवाकडची थंड आणि आकसलेली. त्यामुळे उंचावर विषुववृत्ताच्या बाजूला दाब जास्त राहतो आणि हवा ध्रुवाकडे निघते. पण पृथ्वी फिरत असल्यानं उत्तर गोलार्धात ती उजवीकडे, म्हणजे पूर्वेला वळते. हिवाळ्यात दोन्हीकडच्या तापमानातली तफावत वाढते आणि वारा जोर धरतो.

पृथ्वी विमानाखालून सरकते म्हणून एका दिशेला वेळ कमी लागतो, असं पुष्कळदा ऐकू येतं. ते खरं नाही. जमिनीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे तो वाऱ्याला वळवण्यात.

विमानाला कळते ती फक्त भोवतालची हवा. प्रवाहाच्या दिशेनं वल्हवलेली होडी काठावरून वेगवान दिसते, पाण्याच्या हिशेबात तिचा वेग तोच असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला चार तास ५६ मिनिटांत गेलं. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, आवाजाच्या वेगापेक्षाही जास्त. पण भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच वेगानं उडत होतं, त्यामुळे ध्वनिवेग ओलांडल्याचा धमाका झाला नाही.

या वाऱ्यांचा माग पहिल्यांदा नीट काढला तो वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं, १९२० च्या दशकात, आकाशात फुगे सोडून. निष्कर्ष जगभर पोहोचावेत म्हणून त्यानं ते एस्परांटो या कृत्रिम भाषेत छापले. पण ती वाचणारेच थोडे, त्यामुळे जगाचं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही. १९४४ मध्ये जपानवर आलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना या वाऱ्यांनी चांगलंच हैराण केलं. इतकं मोलाचं काम असं बाजूला पडलं याची आजही हळहळ वाटते.

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को अंतर जेमतेम १२,४०० किलोमीटर भरतं. पण तो दोरा हिमालय, तिबेट आणि आर्क्टिकवरून जातो. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटपट खाली यावं लागतं, आणि तिबेटवर तेवढं खाली यायला जागाच नसते.

आणि परतीचं काय? पॅसिफिकवरून मागं फिरलं तर तोच वारा तोंडावर येणार. २०१७ च्या महिला दिनाच्या सुमारास एअर इंडियाच्या महिला वैमानिक आणि कर्मचारी हे विमान पॅसिफिकवरून घेऊन गेल्या आणि अटलांटिकवरून दिल्लीला परतल्या. जाताना पूर्व, येतानाही पूर्व: पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण, आणि वारा दोन्ही वेळा पाठीशी.