दारफुर: खार्टूमनं शांतिसैनिकांना का आणि कसं अडवलं

सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुर भागातल्या बातम्या आल्या की एक प्रश्न हमखास येतो, यूएन तिथं फौज का पाठवत नाही? पाठवली होती, तेरा वर्षं होती, पण ती येऊ नये, आली तर कमजोर यावी आणि लवकर जावी यासाठी सुदान सरकारनं (म्हणजे राजधानी खार्टूमनं) काय काय केलं ते माहीत नसेल तर आजची परिस्थिती समजणार नाही.

२००३ मध्ये तिथल्या बंडखोर गटांनी हत्यार उचललं आणि राष्ट्राध्यक्ष ओमर अल बशीरच्या सरकारनं लष्कराच्या जोडीला जंजावीद या सशस्त्र अरब टोळ्या मोकळ्या सोडल्या, त्यांनी फूर, मसालित, झघावा लोकांची गावंच्या गावं जाळली, लाखो माणसं छावण्यांत नाहीतर सीमेपलीकडे चाडमध्ये गेली. २००४ ला आफ्रिकन युनियनचं मिशन आलं, त्याला खार्टूमनं चालवून घेतलं, कारण महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा मुलूख आणि फार तर सात हजार माणसं, त्यांच्याकडे ना पुरेसा पैसा ना गाड्या. त्यांच्यापासून सरकारला कसला धोका?

आता गंमत बघा, २००५ मध्ये दक्षिण सुदानशी शांतता करार झाला तेव्हा याच सरकारनं तिकडे यूएनच्या १०,००० सैनिकांना होकार दिला, त्यात आपले भारतीय जवानही होते. म्हणजे निळ्या हेल्मेटचं, यूएनच्या शांतिसैनिकांचं वावडं नव्हतं. मग दारफुरमध्येच का? माझ्या मते खरी मेख मार्च २००५ मध्ये आहे, तेव्हा सुरक्षा परिषदेनं दारफुरचं प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे, म्हणजे आयसीसीकडे सोपवलं. उद्या हेच सैनिक अटक वॉरंट घेऊन दारात उभे राहिले तर, ही भीती.

२००६ च्या सुरुवातीला खार्टूमचे लोक म्हणायचे आधी शांतता करार होऊ दे, मग यूएनचं बघू. मे महिन्यात नायजेरियातल्या अबुजात करार झाला (सही एकाच मोठ्या बंडखोर गटाची), आणि सरकार फिरलं. ३१ ऑगस्टला ठराव १७०६ मंजूर झाला, १७,३०० पर्यंत सैनिक, पण सुदानच्या संमतीनं. बशीरनं ही नवी वसाहतशाही आहे, विरोधाचं नेतृत्व मी स्वतः करीन असं जाहीर केलं, आणि ऑक्टोबरमध्ये यूएनचे दूत यान प्रोंक यांना देशाबाहेर काढलं.

मग सुरू झाली घासाघीस. नोव्हेंबरमध्ये अदिस अबाबात यूएन आणि आफ्रिकन युनियनच्या संयुक्त फौजेची कल्पना पुढे आली, सरकार एकदा हो म्हणायचं, नंतर म्हणायचं आम्ही फक्त मदतीला हो म्हटलं होतं, सैनिकांना नाही. सुदानचं तेल घेणाऱ्या चीननंही २००८ चं बीजिंग ऑलिम्पिक तोंडावर आल्यावर दबाव टाकला, आणि जून २००७ मध्ये होकार आला. जुलैत ठराव १७६९, जवळपास २६,००० सैनिक आणि पोलीस मिळून युनामिद, म्हणजे तीच संयुक्त फौज.

पण होकार मिळाल्यावरही अडवणूक संपली नाही. फौज आफ्रिकनच हवी म्हणून स्वीडन-नॉर्वेचे इंजिनिअर नाकारले, थायलंड आणि नेपाळच्या तुकड्यांवरून महिनोन्महिने वाद, व्हिसा आणि कस्टममध्ये सामान अडकवून ठेवणं. (हेलिकॉप्टर मात्र बाकीच्या जगानं दिली नाहीत, तो दोष खार्टूमचा नाही.) २००७ संपताना काम सुरू झालं तेव्हा जेमतेम नऊ हजार माणसं होती, तीही बहुतेक जुन्याच मिशनची. मार्च २००९ मध्ये बशीरवर आयसीसीचं वॉरंट निघालं आणि लगेच १३ परदेशी मदतसंस्था हाकलल्या, त्याची किंमत छावण्यांतल्या लोकांनी मोजली. २०१४ मध्ये ताबित गावात सामूहिक बलात्कारांचे आरोप झाले, युनामिदनं नीट चौकशी करू म्हटलं तर सरकारनं मिशन गुंडाळायचीच मागणी लावून धरली.

२०१९ मध्ये बशीरची सत्ता गेली. नव्या हंगामी सरकारनं बिनसैनिकांचं राजकीय मिशन मागून घेतलं आणि युनामिद ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. जानेवारी २०२१ मध्येच पश्चिम दारफुरमधल्या अल जिनेनात शंभरावर माणसं मारली गेली. एप्रिल २०२३ मध्ये लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज (जंजावीदमधूनच उभी राहिलेली) यांचं युद्ध पेटलं, त्यातच सरकारनं ते राजकीय मिशनही बंद करायला लावलं. सप्टेंबर २०२४ मध्ये यूएनच्या सत्यशोधन पथकानं नागरिकांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र फौज पाठवा अशी शिफारस केली, ती लष्करी सरकारनं फेटाळली. दारफुरमधल्या अल फाशर शहराला, जिथं बरीच वर्षं युनामिदचं मुख्यालय होतं, तेव्हा आरएसएफचा वेढा पडलेलाच होता, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते आरएसएफच्या हाती पडलं.