सोळाची एक की आठच्या दोन?

नागपुरात सक्करदऱ्याला राहणाऱ्या माझ्या भाच्यानं दिवाळीत सीताबर्डीहून कॉम्प्युटर असेंबल करून आणला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि बजेट संपल्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. आठवड्याभरात फोन आला, "मामा, गेम अटकते नं. सोळा जीबी टाकली, अजून काय पाहिजे?"

कॅबिनेटची बाजू उघडली. चार स्लॉट, आणि रॅमची स्टिक एकच.

वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला तशी मेमरी नसते, ते रॅममध्येच बिऱ्हाड मांडतं. म्हणून अशा मशीनमध्ये रॅम किती आहे एवढंच पाहून भागत नाही; त्यातून दर सेकंदाला किती माहिती ये-जा करते, तेही पाहावं लागतं.

हिशोब करून पाहा. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांवर ठिपके. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एक चित्र ८३ लाख बाइटचं. सेकंदाला अशी ६० चित्रं म्हणजे जवळपास अर्धा जीबी, आणि तोही फक्त तयार चित्र पडद्यावर पाठवण्यापुरता. ते चित्र रंगवताना भिंती, गवत, सावल्यांची माहिती पुन्हा पुन्हा वाचावी लागते, खरा खर्च तिथे. त्याच वेळी प्रोसेसरही त्याच रॅममधून आपलं काम उरकत असतो.

डीडीआर४ ही रॅमची एक पिढी, ३२०० हा तिचा वेग. अशी एक स्टिक एका वेळी ८ बाइट देते, सेकंदाला ३२० कोटी वेळा. म्हणजे जास्तीत जास्त २५.६ जीबी. दोन स्टिक दोन वेगळ्या चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर, बसल्या की तेच ५१.२ होतात. सोळाची एक घ्या किंवा आठच्या दोन, जागा तेवढीच मिळते. पण ग्राफिक्सला मिळणारी वाट दुप्पट रुंद होते. या पैशात याहून मोठा फायदा मला तरी दुसरा दिसत नाही.

"डीडीआर५ च्या एकाच स्टिकमध्ये दोन चॅनल असतात," असं दुकानात ऐकायला मिळेल. असतात, पण ३२-३२ बिटांचे. बेरीज तीच ६४ बिट, म्हणजे ८ बाइट. तिथेही दोनच घ्या.

एकूण ८ जीबीवर मात्र थांबू नका. त्यातले २ जीबी बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ग्राफिक्ससाठी राखले तर विंडोजला सहाच उरतात. माहिती मागितल्यावर ती यायला घड्याळाचे किती ठोके लागतात, हे सांगणाऱ्या सीएल आकड्याची फार चिंता नको: ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८, दोन्हींचा तो विलंब १० नॅनोसेकंदच.

भाच्याची स्टिक दुकानदारानं बदलून दिली, आठच्या दोन. चार स्लॉटच्या बोर्डावर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात, तरी बोर्डाचं पुस्तक उघडून खात्री करावी. दोन्ही टोकांचा खटका 'टक्' वाजला. मशीन सुरू केलं, टास्क मॅनेजर उघडला, तर वेग २१३३! स्टिकवर ३२०० छापलं असलं तरी बायॉसमध्ये एक्सएमपी, म्हणजे स्टिकमध्येच नोंदवलेलं जास्त वेगाचं सेटिंग, चालू केल्याशिवाय तो वेग मिळतोच असं नाही. ते चालू केलं आणि मशीन परत सुरू केलं.

आता ३२००. भाच्यानं खुर्ची पुढे ओढली, काल अटकलेल्या त्याच वळणावर गाडी नेली, आणि ती न अडखळता वळली.