तारांकित प्रश्न की लक्षवेधी? सोलापूरच्या पाण्यासाठी आमदारांकडे नेमके काय मागावे

उन्हाळा तापला की सोलापुरातल्या आमदारांच्या संपर्क कार्यालयांत निवेदने जातात. खाली पन्नास-साठ सह्या, वर एकच मागणी: ‘पाण्याचा प्रश्न विधानसभेत मांडावा.’ पुढे कधीतरी बातमी येते की आमदारांनी सभागृहात आवाज उठवला. पण तो तारांकित प्रश्न होता की लक्षवेधी सूचना, हे बहुतेकांना कळत नाही, आणि तिथेच मोठे नुकसान होते. दोन्ही संसदीय आयुधे (सभागृहात विषय मांडायची साधने) एकाच मंत्र्याकडे जातात, दोन्हींना उत्तर मिळते, म्हणून ती सारखी वाटतात. प्रत्यक्षात एकाने माहिती नोंदीवर आणायची असते आणि दुसऱ्याने कार्यवाही करून घ्यायची असते. चुकीचे आयुध उचलले की एक अख्खे अधिवेशन वाया जाते.

तारांकित प्रश्न आमदार अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी विधानमंडळ सचिवालयाकडे लेखी देतात. तो स्वीकारला गेला की खात्याकडे जातो. महापालिकेचा विषय असेल तर नगरविकास विभागाकडे, तिथून आयुक्तांकडे. आयुक्त कार्यालय माहिती गोळा करते आणि ती उलट्या वाटेने मंत्रालयात पोहोचते. मग छापील उत्तर तयार होते. प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले वरचे मोजकेच प्रश्न तोंडी होतात आणि त्यांच्यावर उपप्रश्न विचारता येतात. उरलेल्यांची उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर येतात. अतारांकित प्रश्नाला मुळातच लेखी उत्तर असते, त्यावर उपप्रश्न नाहीत. निव्वळ आकडेवारी हवी असेल तर अतारांकितही पुरतो, त्यात कमीपणा काही नाही.

लक्षवेधी सूचना विधानसभेच्या नियम १०५ खाली येते. ती अधिवेशन चालू असताना दिली जाते, आणि घ्यायची की नाही हे अध्यक्ष ठरवतात. विषय तातडीचा, सार्वजनिक महत्त्वाचा आणि एकच असावा लागतो. सूचनेचा मजकूर म्हणजे एक लांबलचक वाक्य असते, आणि ते साधारण असे संपते: ‘याबाबत शासनाने करावयाची कार्यवाही व शासनाची प्रतिक्रिया.’ शासन त्यावर लेखी निवेदन देते, आमदार त्या निवेदनावर प्रश्न विचारतात आणि मंत्री उभे राहून उत्तर देतात. ‘अधिवेशन संपताच बैठक लावतो’, ‘चौकशी करून कारवाई करू’ ही वाक्ये बहुधा इथेच ऐकू येतात.

आता प्रश्नाच्या मजकुराकडे जरा जवळून पाहू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. साचा ठरलेला आहे: ‘मंत्री महोदय पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग पहिल्या भागात ‘… हे खरे आहे काय’, दुसरा भाग ‘असल्यास’ने सुरू होणारा आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ सगळी इमारत पहिल्या भागावर उभी असते. समजा तिथे लिहिले, ‘संपूर्ण सोलापूर शहराला गेल्या सहा महिन्यांपासून आठ दिवसांआड पाणी येते, हे खरे आहे काय?’ शहराच्या एका भागात जरी चार-पाच दिवसांआड पाणी येत असेल, तरी खाते ‘हे खरे नाही’ असे उत्तर देऊ शकते. मग पुढच्या सर्व भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. तक्रार शंभर टक्के खरी असूनही नोंदीवर तिचे खंडन राहते, आणि पुढच्या वेळी तेच उत्तर तोंडावर फेकले जाते.

म्हणून पहिल्या भागात एकच गोष्ट, एकच ठिकाण आणि तारीख द्यावी. ‘१९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या अमुक भागात, अमुक महिन्यात, किती दिवसांआड पाणीपुरवठा झाला’ असे विचारले की ‘खरे नाही’ म्हणायला जागा उरत नाही. ‘काय’ने संपणाऱ्या प्रश्नाला हो किंवा नाही मिळते, ‘किती’ने संपणाऱ्याला आकडा द्यावा लागतो.

पैशांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. ‘निधी मंजूर झाला’ या तीन शब्दांत चार वेगवेगळ्या पायऱ्या लपतात. आधी कामाला प्रशासकीय मान्यता मिळते. मग अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत तरतूद होते. त्यानंतर शासन निर्णय निघून रक्कम वितरित होते. आणि शेवटी ती प्रत्यक्ष खर्च होऊन उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला, जाते. फलक पहिल्या पायरीवर लागतात, नळाला पाणी मात्र शेवटची पायरी संपल्यावर येते. प्रश्नात ‘निधी दिला आहे काय’ असे मोघम विचारले तर ‘होय’ हे उत्तर पहिल्या पायरीवरही खरे ठरते. त्याऐवजी चारही रकमा वेगवेगळ्या मागाव्यात आणि ‘दिनांक ३१ मार्चअखेर’ अशी रेघ ओढावी.

उजनी-सोलापूर समांतर जलवाहिनी घ्या. उजनी धरणातून शहरासाठी पाणी आणणारी, सुमारे ११० किलोमीटर लांबीची, दिवसाला १७० दशलक्ष लिटर क्षमतेची ही योजना. शहराला उजनीच्या जुन्या जलवाहिनीचे पाणी पाकणीच्या केंद्रात शुद्ध होऊन मिळते, टाकळीहून उचललेले भीमेचे पाणी सोरेगावला येते, आणि हिप्परग्याच्या तलावाचाही आधार आहे. पण जलवाहिनी शहराच्या वेशीपर्यंत पाणी आणते. तिथून घरापर्यंत उंच टाक्या, वितरण वाहिन्या आणि व्हॉल्व्ह यांचे वेगळे जाळे लागते. म्हणून ‘समांतर जलवाहिनीचे काम पूर्ण झाले आहे काय’ हा अपुरा प्रश्न आहे. तो असा हवा:

‘(१) समांतर जलवाहिनीसाठी मान्यता, तरतूद, वितरण व खर्च अशा प्रत्येक टप्प्यावरील रक्कम ३१ मार्चअखेर किती होती, (२) या वाहिनीतून शहरात दररोज सरासरी किती दशलक्ष लिटर पाणी येते, (३) शहरांतर्गत कोणत्या टाक्यांची व वितरण वाहिन्यांची कामे अपूर्ण आहेत, (४) ती पूर्ण होऊन कोणत्या भागाला किती दिवसांआड पाणी मिळेल, (५) विलंब झाला असल्यास त्याची कारणे काय आहेत?’

असा मजकूर तयार करून, सोबत महापालिकेच्या पत्रांच्या किंवा माहिती अधिकारातल्या उत्तरांच्या प्रती जोडून दिला तर आमदारांच्या कार्यालयाचे निम्मे काम होते. दक्षिण सोलापूर, शहर मध्य आणि शहर उत्तर या तिन्ही मतदारसंघांना लागणारा विषय असेल तर एकाच प्रश्नावर अनेक आमदारांची नावे येऊ शकतात. तशी विनंती जरूर करावी.

लक्षवेधीचे गणित वेगळे आहे. तिच्यात आकडे मागायचे नसतात, घडलेला प्रकार आणि त्याचा धोका सांगायचा असतो. समजा एखाद्या वस्तीत ड्रेनेजचे पाणी पिण्याच्या वाहिनीत शिरले, पोटाच्या विकाराचे रुग्ण वाढले, तक्रारी देऊनही गळती सापडलेली नाही. हा लक्षवेधीचा खरा विषय. इथे तारांकित प्रश्न दिला तर उत्तर पुढच्या अधिवेशनात येईल आणि त्यात ‘गळतीची दुरुस्ती करण्यात आलेली आहे’ असे लिहिलेले असेल. उलट जलवाहिनीच्या खर्चावर लक्षवेधी लावली तर मंत्र्यांचे निवेदन योजनेचा इतिहास सांगण्यात संपते आणि रकमा मोघम राहतात. लक्षवेधीत तीन-चार विषय कोंबणे ही दुसरी नेहमीची चूक. पाणी, रस्ते आणि कचरा एकत्र लिहिले की ती स्वीकारली जाणे अवघड होते, आणि स्वीकारली तरी मंत्री सोपा धागा पकडतात.

दोन्हींना लागू असलेली एक अट बरेच जण विसरतात: विषय राज्य शासनाच्या अखत्यारीतला हवा. रेल्वेच्या सोलापूर विभागाचा, राष्ट्रीय महामार्गाचा किंवा एनटीपीसीच्या वीज प्रकल्पाचा कारभार विधानसभेत विचारून उपयोग नाही. त्यासाठी खासदारांकडे जावे. वॉर्डातल्या गटारीसाठी आणि दिवाबत्तीसाठी नगरसेवक व महासभा हीच पहिली जागा. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे प्रशासक आले. तेव्हा ही जागाच बंद झाली, म्हणून वॉर्डाचे विषयही आमदारांच्या दारात पोहोचू लागले.

आता वेळेचे, कारण सोलापूरकरांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. विधिमंडळाचे अर्थसंकल्पीय अधिवेशन फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मुंबईत होते, पावसाळी जून-जुलैच्या सुमारास आणि हिवाळी डिसेंबरात नागपूरला. एप्रिल आणि मे या आपल्या टंचाईच्या महिन्यांत सभागृह सहसा भरतच नाही. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यातले ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते. उपयुक्त साठा संपून धरण ‘वजा’त गेले की दुबार पंपिंगची, म्हणजे खाली गेलेले पाणी दोनदा उपसून वाहिनीत घ्यायची, वेळ येते. पण त्या दिवसांत दिलेल्या तारांकित प्रश्नाचे उत्तर येते पावसाळी अधिवेशनात, तेव्हा उजनीत नवे पाणी यायला लागलेले असते. खाते सरळ लिहिते की सद्यःस्थितीत पुरेसा साठा उपलब्ध आहे. ते उत्तर खोटे नसते, ते फक्त उशिरा आलेले असते.

यावर उपाय म्हणजे दोन्ही आयुधे एकामागून एक वापरणे. उन्हाळ्याच्या तयारीचा प्रश्न हिवाळी अधिवेशनासाठी द्यावा: दुबार पंपिंगची यंत्रणा, टँकरचे नियोजन, गळती दुरुस्तीसाठीची तरतूद आणि खर्च. त्याचा मजकूर दिवाळीच्या आसपासच तयार हवा, म्हणजे उजनी काठोकाठ भरलेली असताना आणि पाण्याचा विषय कोणाच्या डोक्यात नसताना. अर्थसंकल्पीय अधिवेशनासाठी प्रश्न द्यायचा असेल तर जानेवारीतली गड्ड्याची (सिद्धेश्वरांची) यात्रा चालू असतानाच कागद आमदारांच्या कार्यालयात पोहोचवावा. डिसेंबरात मिळालेल्या लेखी उत्तरात शासनाने जे कबूल केले, ते मार्चपर्यंत झाले नसेल, तर त्याच उत्तराचा आधार घेऊन लक्षवेधी द्यावी. ‘शासनाने अमुक उत्तरात हे काम फेब्रुवारीअखेर पूर्ण होईल असे सांगितले होते, ते अद्याप सुरू नाही’ असे वाक्य सूचनेत असले की विषय तातडीचा आहे हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

उत्तर अर्धवट वाटले तर नियम ९४ खाली अर्धा तास चर्चेचीही सोय आहे. झालेल्या प्रश्नोत्तरातूनच ती मागता येते. म्हणून प्रश्नाचा क्रमांक आणि उत्तराची तारीख टिपून ठेवावी. मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’, ‘करण्यात येईल’ असे म्हटले असेल तर ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असतात. त्यातून आपल्या विषयाचे पान छापून घ्यावे आणि पुढच्या निवेदनाला पहिल्या पानावर तेच जोडावे, सह्यांचे कागद त्यामागे.