गे पात्र कोणी साकारायचं? एका वादाची पार्श्वभूमी

समलिंगी पात्राची भूमिका समलिंगी कलाकारालाच मिळावी का, हा वाद गेल्या काही वर्षांत इतका तापलाय की तो परवाच सुरू झाला असं वाटावं. प्रत्यक्षात तो जुन्या थकबाकीचा हिशेब आहे. वाद मुख्यतः अमेरिकी आणि ब्रिटिश पडद्यावर पेटला, म्हणून इथेही तेवढ्यावरच भर आहे.

फार मागे जायची गरज नाही, पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. जर्मनीत १९१९ सालीच समलिंगी पुरुषांना गुन्हेगार ठरवणाऱ्या १७५व्या कलमाविरुद्ध उघड बोलणारा चित्रपट निघाला होता. पुढच्याच वर्षी तो सर्वसामान्य प्रेक्षकांना दाखवायला बंदी आली. हॉलिवूडची आचारसंहिता १९३०ची, तिचा कडक अंमल १९३४पासूनचा. ‘लैंगिक विकृती’ दाखवायची तर नाहीच, ती सूचितही करायची नाही, असा तिचा दंडक होता. दोन शिक्षिकांवर त्यांच्या आपसातल्या नात्यावरून घेतल्या जाणाऱ्या आळाबद्दलचं एक गाजलेलं नाटक १९३६ साली पडद्यावर आलं, तेव्हा तो आळच बदलून टाकला गेला. एकीचं दुसरीच्या होणाऱ्या नवऱ्याशी लफडं, अशी सोयीची गोष्ट त्या जागी बसवली. त्याच दिग्दर्शकाने १९६१ साली तीच कथा ‘द चिल्ड्रन्स आवर’ या नावाने मूळ स्वरूपात केली. त्याच वर्षी आचारसंहिता थोडी सैल झाली होती. पण या आवृत्तीत प्रेमाची कबुली देणारी शिक्षिका शेवटी आत्महत्या करते. तिची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने पुढे एका माहितीपटात सांगितलं, की या दोन बायकांमध्ये नेमकं काय आहे याबद्दल आम्ही दोघी सहकलाकार एकमेकींशी कधी बोललोच नाही. मुख्य भूमिका करणाऱ्या दोघी, आणि कथेच्या गाभ्याबद्दल चकार शब्द नाही!

खरी उलथापालथ झाली टीव्हीवर, आणि तिच्या आधी आला एड्स, तेव्हा समलिंगी पुरुषांचाच मानला गेलेला आजार. १९८५च्या ऑक्टोबरमध्ये हॉलिवूडचा एक देखणा, लोकप्रिय नायक या आजाराने गेला. त्याआधी काही महिने त्याने एका टीव्ही मालिकेत चुंबनदृश्य दिलं होतं. त्यावरून इतकी घबराट पसरली की अभिनेत्यांच्या संघटनेने अशा दृश्यांची कलाकारांना आगाऊ सूचना देण्याचा नियम केला. एखादा कलाकार समलिंगी असल्याचा नुसता संशयही त्याला कामापासून तोडायला पुरेसा होता, तो हा काळ. पुढचं सगळं या भीतीच्या सावलीत वाचायला हवं.

१९८९ साली ‘थर्टीसमथिंग’ या मालिकेत दोन पुरुष अंथरुणात शेजारी बसून बोलताना दिसले. नुसते बोलताना, त्यांनी एकमेकांना स्पर्श करायचा नाही, असं ठरलेलं होतं. तरीही जाहिरातदार पळाले, वाहिनीचं दहा लाख डॉलरहून जास्त नुकसान झालं आणि तो भाग पुनःप्रक्षेपणातून वगळला गेला. १९९४ साली ‘मेलरोज प्लेस’मध्ये दोन पुरुषांच्या चुंबनाचा क्षण आला, तेव्हा कॅमेरा वळला तो खिडकीच्या पट्ट्यांआडून बघणाऱ्या तिसऱ्याच माणसाच्या चेहऱ्याकडे. प्रेक्षकांना चुंबन दिसलं नाही, ते बघून दचकलेला माणूस दिसला. त्या दशकात समलिंगी पात्रं पडद्यावर कुणाच्या नजरेतून दाखवली जात होती, हे या एका कटमध्ये कळतं.

मग ३० एप्रिल १९९७. ‘एलेन’ मालिकेची नायिका विमानतळावर एका मैत्रिणीला काहीतरी सांगायचा प्रयत्न करतेय, शब्द फुटत नाहीत. ती काउंटरवर झुकते आणि शेवटी ‘मी गे आहे’ म्हणते. समोरचा माइक चालूच असतो. वाक्य अख्ख्या विमानतळावर घुमतं. ही भूमिका करणारी अभिनेत्री जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरून स्वतःही कम आउट झाली होती, म्हणजे आपण समलिंगी असल्याचं तिने जाहीर केलं होतं. पात्र आणि कलाकार एकाच वेळी बोलले, हे तोवर अमेरिकी टीव्हीवर घडलं नव्हतं. तो भाग चार कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. पुढच्या वर्षी मालिका बंद झाली आणि अभिनेत्रीला दीर्घकाळ काम मिळालं नाही. त्या भागातल्या मैत्रिणीची भूमिका करणारी पाहुणी अभिनेत्री तर समलिंगी नव्हती. तरी आपल्यालाही वर्षभराहून अधिक काळ काम मिळालं नाही, असं तिने नंतर सांगितलं.

‘एलेन’ बंद झाली त्याच १९९८ साली दुसऱ्या वाहिनीवर ‘विल अँड ग्रेस’ सुरू झाली आणि तुफान चालली. दोन मुख्य गे पात्रांपैकी एक साकारला भिन्नलिंगी अभिनेत्याने, जो त्याबद्दल मोकळेपणाने मुलाखती देऊ शकत होता. दुसऱ्या पात्राचा अभिनेता समलिंगी होता आणि तो २०१०पर्यंत त्यावर जाहीरपणे बोलला नाही. तो बोलला त्याच वर्षी एका बड्या अमेरिकी साप्ताहिकात लेख आला: हा अभिनेता आता रंगमंचावर स्त्रीवर प्रेम करणाऱ्या पुरुषाच्या भूमिकेत पटत नाही. म्हणजे त्याने गप्प राहून जे टाळलं होतं, तेच बोलल्यावर समोर आलं. हा लेख लिहिणारा स्वतः समलिंगी होता, हे मला आजही खटकतं.

चित्रपटांचा हिशेब याहून बोलका आहे. ‘फिलाडेल्फिया’, ‘कपोटी’, ‘मिल्क’, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चारही चित्रपटांत मुख्य भूमिकेतला पुरुष पुरुषांवर प्रेम करतो, आणि चारही भूमिकांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. या चौघांपैकी कुणीही उघडपणे समलिंगी नव्हतं. भूमिका ‘धाडसी’ म्हणून कौतुक झालं. समलिंगी नसलेल्याने समलिंगी साकारणं धाडस, आणि समलिंगी असलेल्याने तसं सांगणं म्हणजे करिअरची माती: वादाचं मूळ इथे आहे, अभिनयक्षमतेत नाही. ‘फिलाडेल्फिया’च्या नायकाने २०२२ साली स्वतःच म्हटलं, की आज ही भूमिका भिन्नलिंगी माणसाला देता येणार नाही, आणि ते योग्यच आहे.

ही जाणीव उघड मागणीत बदलली ती २०१८च्या सुमारास. १९६८ सालचं, गे मित्रांच्या एका रात्रीवरचं नाटक ‘द बॉइज इन द बँड’ पुन्हा रंगमंचावर आलं, या वेळी प्रथमच न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, ते सगळ्या उघडपणे समलिंगी नटांना घेऊन. त्याच वर्षी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळवलेल्या एका भिन्नलिंगी अभिनेत्याने यापुढे गे भूमिका करणार नाही असं जाहीर केलं. त्या भूमिकांनीच त्याचं नाव झालं होतं, म्हणून हे लक्षात राहिलं. २०२१मध्ये एड्सच्या साथीवरची ब्रिटिश मालिका ‘इट्स अ सिन’ आली. तिच्या लेखकाने गे भूमिकांसाठी गे अभिनेतेच हवेत असा आग्रह धरला आणि तो पाळला. मालिका पाहिलेल्यांना तो आग्रह पटवून द्यावा लागत नाही.

आता गुंत्याचा भाग. नियम म्हणून हे मांडलं की पहिलाच प्रश्न येतो: कलाकार समलिंगी आहे हे ठरवणार कोण? ऑडिशनला आलेल्या माणसाला त्याचा लैंगिक कल विचारून निवड करणं निर्मात्याला कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकतं. लैंगिक कलावरून नोकरीत भेदभाव बेकायदा आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. त्यामुळे नियम लागू पडतो तो फक्त आधीच उघडपणे बोललेल्यांना. जो अजून बोललेला नाही, घाबरतोय किंवा ज्याला स्वतःलाच अजून कळलेलं नाही, तो या मोजणीत भिन्नलिंगीच धरला जातो.

इथेच ‘क्विअरबेटिंग’ हा शब्द वाट चुकला. मुळात तो कथा रचणाऱ्यांसाठी होता. दोन पुरुषांत किंवा दोन स्त्रियांत काहीतरी आहे असं सुचवत राहायचं, समलिंगी प्रेक्षकांना वर्षानुवर्षं आशेवर ठेवायचं आणि शेवटी काहीच द्यायचं नाही, या व्यापारी चलाखीला चाहत्यांनी दिलेलं हे नाव. आरोप निर्मात्यांवर होता आणि रास्त होता. पण हळूहळू तोच शब्द जिवंत माणसांवर फेकला जाऊ लागला. अमक्या गायकाने असे कपडे का घातले, तमक्या अभिनेत्याने गे भूमिका का घेतली, आणि तो खरा कोण हे सांगत का नाही? कथेला विचारायचा प्रश्न माणसाला विचारला, की त्याची उलटतपासणी होते.

‘हार्टस्टॉपर’ ही ब्रिटिश मालिका २०२२च्या एप्रिलमध्ये आली. शाळेतल्या दोन मुलांची हळुवार प्रेमकथा, त्यातला एक हळूहळू स्वतःला उभयलिंगी, म्हणजे मुलगे आणि मुली दोघांकडे ओढला जाणारा, म्हणून ओळखतो. त्याची भूमिका करणाऱ्या मुलाचा एका मुलीचा हात धरलेला फोटो फिरला आणि समाजमाध्यमांवर ‘क्विअरबेटिंग’चा मारा सुरू झाला. त्याने ट्विटर सोडलं. ऑक्टोबरअखेर एका संदेशापुरता परत आला: आपण उभयलिंगी आहोत, आणि अठरा वर्षांच्या मुलाला हे जबरदस्तीने सांगायला लावल्याबद्दल अभिनंदन. स्वतःच्या वेळी, स्वतःच्या शब्दांत कम आउट होऊ द्यावं, हेच ती मालिका भाग-भाग सांगत होती. तिच्याच चाहत्यांपैकी काहींनी त्याला हे सांगायला भाग पाडलं. गे भूमिका गे कलाकारांना मिळाव्यात या मागणीच्या बाजूने मी आहे, पण ती मागणी तपासणीनाक्यासारखी वापरली गेली त्या दिवसाचा विसर पडू देता येत नाही.

पडद्यामागचा हिशेब मात्र अजून फार सरकलेला नाही. उघडपणे गे असलेल्या अभिनेत्याला गे भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन १९९९ साली मिळालं होतं, ‘गॉड्स अँड मॉन्स्टर्स’साठी. तसं नामांकन पुन्हा मिळालं ते २०२४मध्ये, ‘रस्टिन’मधल्या नायकाला. मध्ये २५ वर्षं गेली. दोघांपैकी कुणालाही पुरस्कार मिळाला नाही.