‘होय’चं ‘होय्कार’ कसं झालं?

सी भाषेत लिहिलेल्या एका साध्या चॅट प्रोग्रामवर आधी ‘नमस्कार’ पाठवा, मग ‘होय’. पलीकडे पहिला शब्द नीट दिसेल आणि दुसऱ्याच्या जागी ‘होय्कार’ उमटण्याची बरीच शक्यता आहे. दोष नेटवर्कचा नाही.

यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना आणि पाय मोडल्याची खूण वेगळी धरली तर ‘नमस्कार’मध्ये ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. ‘होय’चे ९. हे ९ बाइट बफरमधल्या (आलेला मजकूर ठेवायच्या मेमरीतल्या जागेतल्या) ‘नमस’वर बसले, मागचे १२ जागचे हलले नाहीत. शून्य किमतीचा बाइट भेटेपर्यंत छापत राहायचं, हा सीचा रिवाज. त्यामुळे जुनं शेपूटही छापलं गेलं.

‘रिसीव्ह’ फंक्शन किती बाइट आले ते सांगतं. भरवसा फक्त त्या आकड्यावर ठेवायचा. बफर १०२४ बाइटांचा असेल तर १०२३च मागा आणि आलेल्या शेवटच्या बाइटपुढे शून्य ठेवा. त्याआधी आकडा तपासा: ० म्हणजे समोरच्याने कनेक्शन बंद केलं, उणे १ म्हणजे चूक. दर वेळी अख्खा बफर पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मजकूर बफरइतकाच लांब निघाला की शून्याला जागा उरत नाही आणि रोग परत येतो.

पाठवणाराही घोळ घालतोच. मजकुराच्या लांबीऐवजी ‘साइझऑफ’, म्हणजे बफरचा पूर्ण आकार, दिला की २१ बाइटांऐवजी पूर्ण १०२४ रवाना होतात. वरचे १००३ शून्य असले तर पडद्यावर ते दिसतही नाहीत, फक्त आलेल्या बाइटांची लांबी धरून पासवर्ड तपासला तर तो जुळत नाही. तसाच छुपा पाहुणा म्हणजे ओळ संपल्याची खूण. टाइप केलेली ओळ वाचणारं ‘एफगेट्स’ फंक्शन ती मजकुरातच ठेवतं, ‘एको’ कमांड आपणहून जोडते, दूरच्या संगणकाशी मजकुरातून बोलणारा टेलनेट प्रोग्राम तर १३ आणि १० असे दोन बाइट पाठवतो. तुलना करण्याआधी शेवटचे १३ आणि १० छाटा. निव्वळ मजकूर पाठवायचा तर ‘एको’ऐवजी ‘प्रिंटएफ’ बरं.

खरी मेख मात्र टीसीपीत, म्हणजे नेटवर्कवरून बाइट पोचवण्याच्या नियमांत, आहे. त्याला ‘मेसेज’ ठाऊकच नाही, फक्त बाइटांचा प्रवाह ठाऊक. दोनदा पाठवलेलं एकदम येऊ शकतं, एकदा पाठवलेलं तुकड्यांत. इथरनेटवर एका पॅकेटमध्ये साधारण १४६० बाइट मजकूर मावतो. १४६०ला ३ने भाग जात नाही, म्हणजे अक्षर मधोमध तुटणार. एकाच संगणकावर चाचणी घेताना हे सहसा दिसत नाही.

म्हणून मजकूर कुठे संपतो ते आपणच ठरवायचं. एक मार्ग: प्रत्येक मेसेजअखेर १० हा बाइट, आणि तो येईपर्यंत वाचत राहायचं. देवनागरी अक्षरांचे सगळे बाइट १२७च्या वरचे असल्याने गल्लत होत नाही. पण मेसेजमध्येच नवी ओळ असेल तर हा मार्ग बाद. मग आधी ४ बाइटांत लांबी पाठवा, नंतर मजकूर. बाइटांचा क्रम दोन्हीकडे एकच हवा, मोठ्या किमतीचा बाइट आधी. उलटा वाचला तर २१चे ३५,२३,२१,५३६ होतात.

लांबी बाइटांत मोजा, अक्षरांत नको, आणि समोरून आलेली लांबी तपासल्याशिवाय मानू नका. ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या २०१४च्या ‘हार्टब्लीड’ दोषात नेमकं हेच राहिलं होतं. खोटी लांबी सांगणाऱ्याला सर्व्हर स्वतःच्या मेमरीतले ६४ किलोबाइटपर्यंतचे तुकडे परत पाठवत होता.